न वाचलेलं वाक्य

गुरु., ९ जाने.
प्रात्यक्षिकाला खोली मिळाली. कडा गावच्या दवाखान्यात, लशींच्या फ्रिजला लागून. दोन खुर्च्या, एक स्टूल, भिंतीवर लसीकरणाचा तक्ता. समोरच्याचं दुःख काहीही असो, नजर गोवरापाशी जाऊन थांबते.
डॉक्टरांनी बाहेर 'समुपदेशन कक्ष' असा कागद चिकटवला. शिपाईमामांनी सावकाश वाचला. "बाई, म्हंजी उपदेश करायचा का?" म्हटलं, उलट. तो करायचा नाही, हेच दोन वर्षं शिकतेय. "न करायला दोन वर्सं कावून लागली?"

एकोणपन्नासाव्या वर्षी एम.ए. पहिलं संस्कृतचं, शाळेत ते शिकायला मुलं उरली नाहीत, म्हणून आष्टीत पेपरची वार्ताहर झाले. आता हे दुसरं एम.ए., समुपदेशनाचं. हे म्हणतात, "तिसरं कुठलं करणार ते आत्ताच सांग, मनाची तयारी ठेवतो."
दीडशे तास भरायचे. आज शून्य. कुणी फिरकलं नाही. फ्रिजने मात्र मन मोकळं केलं.

गुरु., १६ जाने.
पहिला माणूस. नाव कुठेच लिहायचं नाही, रोजनिशीतसुद्धा. मी त्यांना मेषपाल म्हणणार, मे.पा. मेंढ्या राखतात. साठीच्या अलीकडचे. छातीत दुखतं म्हणून आले, ईसीजी चांगला निघाला, डॉक्टरांनी माझ्या खोलीकडे बोट दाखवलं.
बायको बरोबर. दार लावायचं असतं, असं मी सांगितलं. तिने खुर्ची उंबऱ्यातच ओढली. "लावा की. मी हितं बसते." मग दार अर्धंच लागलं. हे अर्धं दार ना.मॅ.ना कसं सांगावं? (नाईक मॅडम, बीडच्या, आमच्या पर्यवेक्षक. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तासांवर सही त्यांची.)
मे.पा. गप्प. मीही गप्प, कारण तसं शिकवलंय. बऱ्याच वेळाने तेच म्हणाले,
"काय इचारायचं न्हाई का?"
"तुम्हाला वाटेल ते बोला."
"मेंढरामागं दिस जातो, बाई. बोलायची सवं न्हाई."
दारातून बायको: "म्या सांगते. भाकरीचा चतकोर खात्यात. रानात जात न्हाईत, मेंढरं मी आन सून राखतो. दिवाळी झाल्यावं नगर रोडला मेंढरांत वाळूचा हायवा घुसला, तवाधरनं."
परतीच्या एसटीत डोक्यात काहीतरी टोचत राहिलं. नगर रोड. हायवा ट्रक. दिवाळीनंतर.

शुक्र., १७ जाने.
कात्रणांची फाइल काढली. नोव्हेंबर. आतलं पान, खालचा कोपरा. 'हायवाच्या धडकेत अकरा मेंढ्या ठार. आमच्या वार्ताहराकडून.'
वार्ताहर म्हणजे मी.
शेवटचं वाक्य: 'मेंढपाळाच्या निष्काळजीपणामुळे हा अपघात घडल्याचे बोलले जाते.'
तो शनिवार होता. मी बीडच्या एसटीत, वर्गाला निघालेली. फोन आला: जागा, वेळ, आकडा, "बाकी तुमचं तुमी लिवा." मोबाइलवर टाइप केली. संपादकांना पाच ओळी हव्या होत्या, चारच झाल्या होत्या. म्हणून पाचवी.
कुणीही काहीही बोललं नव्हतं.
त्या दिवशीच्या वर्गाची वही पाहिली. विषय 'ऐकून घेणे'. टिपणं नेटकी, मथळ्याखाली दुहेरी रेघ.

शनि., १८ जाने.
बीड. गटात प्रत्येकीने आपली केस मांडायची. बाकी सगळ्या तेविशीतल्या. मला काकू म्हणतात आणि माझ्या डब्यातला ठेचा संपवतात. मी मे.पा. मांडले. बातमी मांडली नाही. ती मी लिहिली हे मे.पा.ना कुठे माहीत आहे, असं मनाशी म्हटलं.
ना.मॅ.नी माझी संवादाची नोंद वाचली. "ताई, तुमचे मेंढपाळ म्हणतात की, 'माझा दिवस मेंढ्यांच्या सान्निध्यात व्यतीत होतो.' खरंच असं म्हणाले?"
मुली हसल्या. मीही हसले. मॅडम हसल्या नाहीत. "त्यांचे शब्द त्यांचेच असू द्या. आणखी काही राहिलंय?"
"नाही."

गुरु., २३ जाने.
मे.पा. बोलले. ते इथे लिहीत नाही. लिहिते थोडं, नाहीतर विसरल्याचं सोंग करीन.
पहाटे कळप रस्ता ओलांडत होता. ते रस्त्याच्या मधोमध उभे, पटका सोडून हलवत. हायवा थांबला नाही. काखेत दोन दिवसांचं कोकरू.
"हात येकच मोकळा व्हता, बाई. म्होरं चांदी, माघं भोरी. भोरीचा पाय घावला, तिला वढली. चांदी माज्याकडं बघत व्हती."
चांदी म्हणजे कळपाच्या पुढे चालणारी, गळ्यात घंटा असलेली. लहानपणी बाटलीने दूध पाजून वाढवलेली.
आणि मी काय विचारावं? "एकूण किती गेल्या?" वीस वर्षांची सवय.
त्यांनी आकडा सांगितला नाही. नावं घेतली, एकेक, बोटांवर न मोजता. अकरावं नाव झालं आणि थांबले. मला आकडा कात्रणातून पाठ होता. नाव एकही ठाऊक नव्हतं.
निघताना दारात बायको हळूच: "जवारी निगाली की रानं मोकळी व्हत्यात. दरसाली खतासाटी मेंढरं बशिवायला सांगावा येतो. औंदा कुनाचाच न्हाई. रानात पीक उबं आसंल शेजारी, निष्काळजी मानूस कोन बशिवतंय, म्हनत्यात. पेपरात आलंय म्हनं."
मी "हं" म्हटलं. हे 'हं' आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. मी ऐकतेय, असा त्याचा अर्थ.

गुरु., ३० जाने.
आज त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून तंबाखूची पुडी काढली. तंबाखू नव्हती. घडी घातलेलं कात्रण.
"नातीच्या बारशात जावयानं वाचून दावलं, चार मान्सांत. माजा निष्काळजीपना लिवलाय म्हनला. जावई लई आगाव हाय, बाई. पदरचं घातलं आसंल. मला वाचाया येत न्हाई. तुमी वाचा. खरंच तसं लिवलंय का?"
घड्यांवर शाई उडालेली. शेवटचं वाक्य मात्र स्वच्छ.
वाचायला लागले. माझीच बातमी माझ्याच तोंडून, आवाज शाळेत वाचताना लागायचा तसा. एक, दोन, तीन, चार ओळी. मग थांबले.
"येवडंच?"
"एवढंच."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. "ऐकलं का गं? काय न्हाई त्यात." बायको माझ्याकडे बघत होती. ते खुर्चीत मागे टेकले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.
तासानंतर शिपाईमामा सांगत आले, तुमचा मानूस बाहेर हाटेलात भजी खातोय.

शुक्र., ३१ जाने.
काल खूष होते, हे कबूल. भज्यांवर.
ह्यांना जेवताना सांगितलं, नाव-गाव वगळून. हे ताटातून वर न बघता म्हणाले, "म्हणजे बातमी न विचारता लिहिलीस, आणि वाचताना न विचारता खोडलीस."
चाळीस टक्के बहिरे आहेत असं मी समजत होते.

गुरु., ६ फेब्रु.
बायको एकटी आली. आज खुर्ची उंबऱ्यात नव्हे, माझ्यासमोर.
झालं ते असं. मे.पा. दोन दिवस पोटभर जेवले. तिसऱ्या दिवशी उठून जावयाच्या गावी गेले, तेलगावच्या बाजूला. तिथे चार माणसांत म्हणाले, दवाखान्यातल्या बाईनं वाचलं, त्यात तसलं काही नाही, तू खोटारडा आहेस. जावयाने पुन्हा वाचून दाखवलं. वाक्य आहे. मग शाळेतल्या गुरुजींना बोलावलं. गुरुजींनीही वाचलं. वाक्य आहे.
"तरी ह्यांचं एकच, गुरुजी जावयाच्या गावचा हाय, दोगं मिळालेत. बाई खोटं वाचनार न्हाईत."
जावई चिडला. सासऱ्याने त्याच चार माणसांत चूक कबूल करेपर्यंत लेक माहेरी यायची नाही. लेकीने रडून फोन केला. मे.पा. म्हणतात, मी खोटं बोललोच नाही तर कबूल काय करू?
मग तिने मला विचारलं. आवाज न चढवता. "तुमाला ते दिसलं न्हाई, का वाचलं न्हाई?"
"दिसलं होतं."
बराच वेळ ती तक्त्याकडे बघत राहिली. गोवर, धनुर्वात, पोलिओ.
"मंग तुमी सांगा त्यास्नी. मी न्हाई सांगनार. म्या सांगितलं तर मी बी जावयाकडची व्हईन."
ते वाक्य लिहिणारीही मीच, हे तिलाही सांगितलं नाही. आधी ना.मॅ., असं ठरवलं. ठरवलं की घाबरले, कोण जाणे.

शनि., ८ फेब्रु.
वर्ग सुटल्यावर ना.मॅ.ना सगळं सांगितलं. नोव्हेंबरापासून. काहीही न सजवता. मी सजवायला लागले की त्या पेन खाली ठेवतात, म्हणजे कळतं.
पेन हातातच. मग,
"वाक्य वगळलंत ते त्यांना बरं वाटावं म्हणून, की तुम्हाला?"
"त्यांना."
"ताई."
"मला."
मे.पा.बरोबरचे तीनही तास त्या धरणार नाहीत. मी वाद घातला नाही. पुढच्या गुरुवारी त्यांना दोन्ही सांगायचं: वाक्य आहे, आणि ते मी लिहिलंय. मग दुसऱ्या समुपदेशकाचं नाव द्यायचं. राहायचं की जायचं, ते ठरवतील.
"आणि माफी मागताना रडायचं नाही. तुम्हाला गप्प करायचं काम त्यांच्याकडे नको."
मी म्हटलं, मी रडणाऱ्यांतली नाही. त्या म्हणाल्या, "मग लांबलचक बोलणाऱ्यांतल्या आहात. तेही नको."
अकरा वर्षांनी लहान.

सोम., १० फेब्रु.
संपादकांना फोन. दुरुस्ती छापायची आहे.
"कशाची?"
"नोव्हेंबरातल्या मेंढ्यांची."
"बाई, त्या मेंढ्यांचं आता खत झालं. वाचक रब्बीत आहे."
म्हटलं, खरं काय घडलं ते लिहून देते. आणि बोलता बोलता जीभ थांबली. खरं काय घडलं ते मला खोलीत कळलंय. पटका, कोकरू, चांदी, सगळं खोलीतलं. त्यातला शब्दही बाहेर काढायचा नाही. त्या दिवशी एसटीतून उतरून रस्त्याच्या कडेला विचारलं असतं तर छापता आलं असतं. आता ठाऊक आहे, म्हणूनच छापता येत नाही.
ह्यांना हा पेच मोठ्या थाटात सांगितला. हे म्हणाले, "अग, घडलं काय ते कशाला सांगतेस? तुझं वाक्य मागं घे, झालं."
खरंच की. लिहिलं: 'नोव्हेंबरातील वृत्तात मेंढपाळाला दोष देणारे शेवटचे वाक्य कोणाकडेही चौकशी न करता लिहिले गेले. ते चुकीचे होते.' वाचून पाहिलं. 'लिहिले गेले' खोडलं. 'मी लिहिले' केलं, खाली नाव. संपादक कुरकुरत तयार झाले. मीच म्हटलं, थांबा. यावेळी आधी विचारायचं आहे.

गुरु., १३ फेब्रु.
आले. बायको उंबऱ्यात. दार अर्धं.
घरून पाठ करून गेले होते. संस्कृतची रूपं पाठ करायचे तशी, एसटीत, ओठ हलवत. पहिल्याच वाक्याला सगळं विसरले. मग नुसतं सांगितलं. कात्रणात ते वाक्य आहे. जावई खरं बोलला, गुरुजीही. मी ते वाचलं नाही.
"कावून?"
"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. आणि मला भीती वाटली म्हणून."
"तुमाला कशाची भीती?"
"ते मी लिहिलंय. पेपरात बातम्या मी देते."
त्यांनी पुडी काढली, कात्रण उलगडून माझ्या पुढे ठेवलं. "आता वाचा. तेवडंच."
वाचलं. 'मेंढपाळाच्या निष्काळजीपणामुळे हा अपघात घडल्याचे बोलले जाते.'
"कोन बोललं?"
"कुणीच नाही. मी."
फ्रिज सुरू झाला. बंद झाला.  मध्ये काहीतरी बोलावंसं फार वाटलं.
"इचारायचं व्हतं की मला," ते म्हणाले. चिडून नव्हे, वाट चुकलेल्याला सांगावं तसं. "मी तितंच बसलतो. रोडच्या कडंला. दुपारपत्तुर बसलतो. कुनी बी आलं आसतं, तर सांगितलं आसतं."
मग कात्रणाकडे बघत: "मला बी तसंच वाटायचं, माजीच चूक हाय. कागदानं म्हनल्यावं वाटलं, आता पक्कं झालं."
डोळ्यांत पाणी येऊ लागलं, तेव्हा पोलिओचा तक्ता वाचला. ना.मॅ.ना सांगण्यासारखं नाही, पण उपयोगी.
दुरुस्तीचा कागद वाचून दाखवला, पूर्ण, दोनदा. दुसऱ्यांदा त्यांनी बायकोला आत बोलावलं. "नीट आयक. समदं वाचत्यात का बघ." ती म्हणाली, "मला तरी कुटं वाचाया येतंय?" आणि तोंडाला पदर लावून हसली. एवढ्यातसुद्धा. ते नाही हसले.
"छापू का?"
"न्हाई."
कात्रण आणि कागद, दोन्ही एकाच पुडीत घातले. "जावयाच्या गावी आदी मला जाऊ द्या. त्याला मी खोटारडा म्हनलोय, ते मी बगतो. तुमचं म्या सांगन तवा छापा. तवर न्हाई."
दुसऱ्या समुपदेशकाचं नाव सांगितलं, बीडचं. "बीडला कोन जातंय?" म्हणाले. इथे येणार का, ते बोलले नाहीत. मी म्हटलं, गुरुवारी अकरा ते अकरा पन्नास ही वेळ तुमचीच राहील. पटका बांधला, उठले.
बावीस मिनिटं झाली होती. उरलेली अठ्ठावीस मी बसले. बायकोची खुर्ची दारात तशीच.

शनि., १५ फेब्रु.
ना.मॅ.नी सगळं ऐकलं. नोंद वाचली. "यात ते त्यांच्यासारखे बोलतात," एवढंच म्हणाल्या. सही नाही केली. मागितलीही नाही.

गुरु., २० फेब्रु.
नाही आले.
दुपारी दुसऱ्या दोघी. एकीची सासू बरोबर, सगळी उत्तरं तिचीच. तास दोन.

गुरु., २७ फेब्रु.
नाही आले.
वस्ती कुठे ते ठाऊक आहे. वार्ताहराला वस्त्या ठाऊक असतात. दवाखान्यापासून चालत अर्धा तास. पाय दोनदा फाटकापर्यंत गेले. ना.मॅ.ना फोन. "जायचं नाही. निरोप धाडायचा नाही. बायकोला बाजारात गाठायचं नाही."
शेवटचं मला सुचलंही नव्हतं. म्हणजे सुचलं होतं.
संपादकांची तक्रार: "बाई, तुमची बातमी हल्ली दोन दिवस उशिरा येते. साधी दुचाकी घसरली तरी तुम्ही पडलेल्याला फोन करता." म्हटलं, उचलतात ते. त्यांनाही बोलायचं असतं. "आणि दुरुस्ती? छापायची ना?" अजून सांगावा नाही, म्हटलं. "कुणाचा सांगावा?" ते सांगता येत नाही. संपादक म्हणाले, तुमच्यापेक्षा पोलीस जास्त बोलतात.

गुरु., ६ मार्च
ज्वारी निघाली. एसटीतून रानं मोकळी दिसतात, कडब्याच्या गंजी लागल्यात. अजून कुठे मेंढ्या बसलेल्या दिसल्या नाहीत. बघत होते हे खरं.
अकरा वाजता खोली उघडली. त्यांची खुर्ची, माझी खुर्ची. बायकोची उंबऱ्यात लावली, दार अर्धं ठेवलं. शिपाईमामांनी डोकावलं. "कुनी आलं न्हाई, मंग तुमी कुनासाटी बसता?" म्हटलं, ज्यांची वेळ आहे त्यांच्यासाठी. "त्यास्नी ठाव हाय का?" सांगितलंय.  जाताना मामांनी नेहमीसारखं दार ओढून घेतलं नाही.
अकरा छत्तीस. रस्त्यावर घंटा. एक नाही, बऱ्याच. मग मेंढ्या; फाटकासमोरून जायला खूप वेळ लागला, गाड्यांचे हॉर्न, कुणाचा तरी शीळ घालून कळप कडेला घेण्याचा आवाज, आणि "हाईक, हाईक."
पुरुषाचा आवाज. मे.पा.चा का, सांगता येणार नाही. मी त्यांना बसूनच बोलताना ऐकलंय. चालताना आवाज कसा लागतो, ठाऊक नाही. या रस्त्याने चार-पाच कळप जातात. थांबला की पुढे गेला, तेही फ्रिज सुरू झाल्याने कळलं नाही.
खिडकीपाशी गेले असते तर दिसलं असतं. तीन पावलं.
उठले नाही. अजून चौदा मिनिटं त्यांची आहेत.